नाचणीची पुडी

डिसेंबरचा पहिला आठवडा सरत आला की आई फडताळातला नाचणीचा डबा खाली काढी आणि ओंजळभर दाणे सुपात घेऊन निवडत बसे. निवडलेल्या दाण्यांची कागदात पुडी बांधून ती माझ्या हाती देई आणि म्हणे, "जा, तिमायकडे देऊन ये. सांग, गोठ्यासाठी आहे."

तिमाय म्हणजे आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली गृहिणी. तिच्या नवऱ्याला आम्ही मुले तितीव म्हणत असू. काका-काकूंसाठी तिकडे रुळलेले हे शब्द. तितीवची म्हातारी आई आम्हा सर्वांचीच शामाय, म्हणजे आजी. गाव म्हापशापासून चार-पाच मैलांवर. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेइतका गडगा होता आणि त्यात एके ठिकाणी दोन चिरे काढून वाट केलेली होती. ती कोणी केली हे कोणालाच आठवत नव्हते. आमचे घराणे सावंतवाडीकडून बार्देशात येऊन तेव्हा तीन पिढ्या झालेल्या. घरात आम्ही मराठी बोलत असू आणि उंबरठा ओलांडला की कोकणी. त्यात काही विशेष आहे, असे मला नऊ वर्षांची होईपर्यंत वाटले नव्हते.

नाचणी लागे ती येशूजन्माच्या देखाव्यासाठी. नाताळच्या दोन आठवडे आधी तिमाय पत्र्याच्या डब्यांत माती भरून नाचणी पेरी. नाताळच्या सुमाराला वीतभर हिरवेगार अंकुर वर येत आणि गोठ्याभोवतीचे कुरण म्हणून ते डबे मांडले जात. आईला याचे मोठे कौतुक. दसऱ्याला आमच्याकडे रुजवण होई, तिचेच हे डिसेंबरातले रूप, असे ती म्हणे. "त्यांनी आपलं घेतलं की आपण त्यांचं, ते देवाला ठाऊक; पण नाचणी दोन्हीकडे सारखीच रुजते," असे म्हणून ती डबा परत वर ठेवी. दरवर्षी नाचणी आमच्याकडूनच जावी, असा काही करार नव्हता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती हवी तेवढी मिळे. पण तिमायने ती कधी विकत आणली नाही.

नाताळची खरी चाहूल आम्हाला नाकाने लागे. तिमायच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर तांब्याची काहील चढे आणि दोदोल शिजू लागे. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. हे मिश्रण तासन्‌तास ढवळायचे, क्षणभर हात थांबला की तळाला लागते. दुपारी सुरू झालेले ढवळणे दिवेलागणीपर्यंत चाले. पाळीपाळीने घरातली सारी माणसे डाव हाती घेत आणि संध्याकाळी बाबाही शर्टाच्या बाह्या सारून उभे राहत. शाळामास्तराच्या हातात तो लांब डाव पाहून तितीवला हसू आवरत नसे. तितीव तारवटी होता. उभे आयुष्य बोटींवर काढून तो नुकताच घरी परतला होता आणि स्वयंपाकातले आपल्याला सगळे कळते, अशी त्याची समजूत होती.

बेबिंकेचा दिवस वेगळा. त्या दिवशी तिमाय कोणालाही जवळ फिरकू देत नसे. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचा दाट रस, साखर आणि पीठ यांचा एक थर भाजून झाला की दुसरा, त्यावर तिसरा. वरून झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. थराथराला तूप. सात थर व्हायचे तर दुपार टळे. आम्हा मुलांच्या वाट्याला येत ती कुलकुले. मळलेल्या पिठाची बोटभर गोळी नव्या फणीच्या दातांवर दाबायची आणि हलकेच गुंडाळायची, की शंखासारखी वळणे उमटतात. तितीवची धाकटी मुलगी माझ्याच वयाची होती. आमच्या दोघींत कोणाचे कुलकुल अधिक सुबक यावर दर वर्षी भांडण होई आणि तळणात सगळी एकच झाल्यामुळे ते भांडण आपोआप निकालात निघे.

आकाशकंदील करण्यात बाबांचा हात धरणारा वाड्यावर कोणी नव्हता. दिवाळीचा कंदील उतरवला की उरलेल्या बांबूच्या कामट्या ते माळ्यावर जपून ठेवीत, आणि डिसेंबरात त्याच कामट्यांची पाच टोकांची चांदणी बांधून तितीवच्या बाल्कांवावर नेऊन टांगीत. बाल्कांव म्हणजे दारापुढची ओसरी, दोन्ही अंगांना बसायला सोपे असलेली. तिथे रोज संध्याकाळी बाबा आणि तितीव बसत. एक एडन आणि मोंबासाच्या गोष्टी सांगे, दुसरा वर्तमानपत्रातल्या.

चोविसाच्या दुपारी किंवा पंचविसाच्या सकाळी आमच्याकडे ताट येई. लाखी रंगाची फुले रंगवलेले मोठे पत्र्याचे ताट, वर तिमायने विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल. ताटाची मांडणी ठरलेली होती. एका अंगाला नेवऱ्या, दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, म्हणजे अंडे नसलेले सगळे. दुसऱ्या अंगाला, मध्ये केळीच्या पानाची पट्टी आडवी घालून, बेबिंकेचे तुकडे. आणि एका कोपऱ्यात न सोललेला नारळ आणि दोन केळी. हा नारळ आजीचा. आजी सोवळ्यातली, ख्रिस्ती घरात शिजलेले ती खाणार नाही हे तिमायला माहीत होते. त्यात कमीपणा तिने मानला नाही, निदान तसे दाखवले नाही. आज मला त्या नारळाचा थोडा संकोच वाटतो. आजीला मात्र वाटत नसे. ती तो नारळ हातात घेऊन कानाशी हलवी आणि म्हणे, "पाणी भरपूर आहे. शेजारीण मनाने चांगली."

ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही आईची शिस्त. रुमाल धुऊन, वाळवून, त्याखाली वाटीभर साखर ठेवून ताट तिसऱ्या दिवशी गडग्यापलीकडे जाई. चवथीला हाच प्रवास उलट दिशेने होई. आमच्या नेवऱ्या तिकडे जात आणि ताट साखरेसह परत येई.

गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, नाताळच्या अवघ्या सहा दिवस आधी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा कितीतरी वर्षांनी पुण्याला गेले आणि येताना एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ची देवनागरी आवृत्ती. मूळचा इंग्रज असलेला हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, आयुष्यातली चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत राहिला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण त्याने मराठीत रचले. १६१६ साली ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेचे इतके मनापासून केलेले कौतुक एका परक्या माणसाच्या लेखणीतून उतरावे, याचे बाबांना अपार अप्रूप होते. ग्रंथ आणला त्याच संध्याकाळी ते तो काखेत मारून बाल्कांवावर गेले.

तितीवला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याची शाळा पोर्तुगीज, प्रार्थनेची पुस्तके रोमन अक्षरांतली. शामायला तर कोणतेच अक्षर येत नव्हते. पण बाबांनी येशूजन्माचा प्रसंग काढून ओवीच्या चालीवर वाचायला सुरुवात केली आणि शामाय आतून काठी टेकत बाहेर आली. श्रावणात घरी पांडवप्रताप वाचताना जी चाल लावीत तीच ही चाल. सगळे शब्द तिला कळत होते असे नाही. पण गोठा कळे, गाय कळे, मरी आई कळे, थंडीच्या रात्री बाळंतीण झालेल्या बाईला कोणी घरात घेतले नाही हेही कळे. त्या डिसेंबरात, १९६२च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर तिने बाबांना मुद्दाम बोलावून घेतले. तेव्हापासून दरवर्षी चोविसाच्या रात्री, मध्यरात्रीच्या मीसला निघण्यापूर्वी, मास्तरांनी शामायला पुराण सांगायचे असा परिपाठ पडला. कपाळाला गंध लावलेला माणूस ओव्या म्हणतो आहे आणि म्हातारी हातातली जपमाळ विसरून ऐकते आहे, हे दृश्य मी चार वर्षे पाहिले. पाचव्या वर्षी पाहिले नाही.

ते वर्ष १९६६. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, यावर जनमत कौल व्हायचा होता. डिसेंबरच्या सुरुवातीलाच बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, आणि गावोगाव सभा, फेऱ्या, भित्तीपत्रके यांना ऊत आला होता. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधकांची दोन पाने. बाबा अर्थातच विलीनीकरणाचे. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे देवळातले कीर्तन, घरातली पोथी, शाळेतला फळा. पोर्तुगीज अमलात जे जपले ते आता आपल्या माणसांत जाऊन सुरक्षित होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तितीवचाही हिशेब सरळच होता. एवढ्याशा गोव्याला एवढ्या मोठ्या राज्यात कोण विचारणार, आणि त्यात त्याच्यासारख्या माणसाला कोण विचारणार? दोघांत कोणाचे बरोबर होते हा वाद मी इथे काढणार नाही. भाषेचा प्रश्न उंबरठ्यापर्यंत आला की शेजाराचे काय होते, हे बेळगावकडच्या वाचकांना तर मी समजावून सांगायलाच नको. सोप्यावरच्या गप्पा दिवाळीपासूनच विरळ झाल्या होत्या. एडन, मोंबासा आणि वर्तमानपत्र, तिन्ही विषय संपल्यासारखे दोघेही आपापल्या घरी बसू लागले.

आईने मात्र नेहमीप्रमाणे नाचणी निवडली. पुडी बांधायला तिने हाताशी आलेला कागद घेतला. घरात तेव्हा कागदांची वाण नव्हती. प्रचाराच्या पत्रकांचे गठ्ठे बाबांच्या टेबलाखाली पडलेले असत. आई व्यवहारी बाई. कागद कोरा आहे की छापील, हे ती पुडी बांधताना पाहत नसे. पुडी मीच नेली. तिमायने ती उलगडली, दाणे सुपात ओतले आणि कागद हातात धरून काही क्षण पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहून हसली, पण ते हसू नेहमीचे नव्हते, एवढे मला कळले.

पुढच्या शुक्रवारी तितीवने तो कागद म्हापशाच्या बाजारात नेला आणि एका ओळखीच्या दुकानदाराकडून वाचून घेतला. विलीनीकरणाची हाक देणारे ते पत्रक होते. दुकानात चार माणसे उभी होती. त्यांच्यादेखत तितीव म्हणाला, "पाहा, आमचा मास्तर आता आमच्या गोठ्यातसुद्धा विलीनीकरण पेरायला निघाला!" माणसे पोट धरून हसली. विनोद चांगलाच होता. आज मलाही हसू येते. पण संध्याकाळच्या गाडीने तो आमच्या घरी पोहोचला तेव्हा कोणी हसले नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आले. "मी आत्ता जाते आणि सांगते, की मी न पाहता बांधली," असे म्हणून ती उठली. बाबांनी तिला अडवले. "आपण काही केलेलं नाही. खुलासा कशाचा द्यायचा? बारा वर्षांच्या शेजारानंतर त्याला असं वाटूच कसं शकतं?" हे शेवटचे वाक्य ते दोन-तीनदा म्हणाले. आई त्यानंतर आयुष्यभर पुडी कागदात बांधीत नसे. धडप्याच्या तुकड्यात गाठ मारून देई.

त्या वर्षी बाबांनी चांदणी बांधली नाही. तितीवने स्वतःच ती बांधली आणि एक टोक आखूड राहून ती एका अंगाला कलली. आमच्या खिडकीतून ती दिसे. बाबा खिडकीकडे पाठ करून वह्या तपाशीत.

चोविसाच्या रात्री तेर्स संपल्यावर तितीवची मुलगी गडग्यापाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. तिथूनच तिने विचारले, "मास्तर खंय? शामाय विचारता." बाबांनी ते ऐकले. बराच वेळ ते लाल शाईची लेखणी हातात धरून बसले. मग कपाटातून ग्रंथ काढून त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "तू जा. तुला वाचता येतं."

मला त्या क्षणी अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढा मोठा ग्रंथ आणि मी वाचणार! वीज तोवर आमच्या वाड्यावर आलेली नव्हती. तितीवच्या मुलीने मेणबत्ती धरली, मी सोप्यावर मांडी घालून बसले आणि वाचू लागले. चार ओळीतच माझी तारांबळ उडाली. जुनी मराठी, अनोळखी शब्दरूपे. बाबांच्या तोंडून जे पाण्यासारखे वाही ते माझ्या जिभेवर खडे होऊन बसले. चाल सुटली. मैत्रिणीचा हात अवघडून मेणबत्ती कलली आणि मेणाचे थेंब पानावर पडले. तितीव दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभा होता. बोलला काही नाही. शामायने मला थांबवले नाही. ओळखीचा शब्द आला की ती तो हळूच माझ्यामागून म्हणे, म्हणजे मला बहुधा आधार वाटावा म्हणून. वाचून झाले तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देव बरें करूं," ती म्हणाली, आणि मग, "बापायक सांग, म्हातारेन वाट पळयली."

घरी आल्यावर बाबांनी विचारले, "काय म्हणाली?" मी म्हणाले, "छान वाचलं म्हणाली."

पंचविसाला ताट आले नाही. सव्विसालाही नाही. आजीने दोनदा दारापर्यंत जाऊन गडग्याकडे पाहिले. नारळाची तिला गरज होती असे नव्हे, परसात माड होतेच. शेवटी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, ऐन दुपारी, तिमाय स्वतः ताट घेऊन आली, ओसरीवर ठेवून, घाई आहे म्हणत परत गेली. आईने रुमाल काढला. सगळे पदार्थ नेहमीच्या जागी होते. पण मध्ये केळीच्या पानाची पट्टी नव्हती. तिच्या जागी फणसाची दोन हिरवी पाने होती, देठाशी देठ जुळवून ठेवलेली.

घरात सन्नाटा पसरला. "केळीचं पान मिळालं नसेल," आई म्हणाली. तिमायच्या परसात वीस केळी उभ्या होत्या, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. बाबा वाकून त्या पानांकडे पाहत राहिले, आणि एकाएकी खदखदून हसले. महिनाभरात आम्ही त्यांना हसताना पाहिले नव्हते. आजीने कोपऱ्यातला नारळ उचलून उलटसुलट करून पाहिला. "यावर काही लिहिलेलं नाही ना? मग मला द्या," ती म्हणाली.

ती पाने उत्तर म्हणून ठेवली होती की सहज, याचा उलगडा कधीच झाला नाही. तिमायला विचारण्याचे धैर्य आईला झाले नाही आणि पुढे विचारायची गरज उरली नाही. ताट साखर घालून परत गेले. पण हसले तरी बाबा त्या दिवशी गडगा ओलांडून गेले नाहीत. दोन आठवड्यांवर कौल होता. आता गेलो तर लोक काय म्हणतील, असे काहीसे त्यांच्या मनात असावे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. वेगळ्या गोव्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांचे अंतर. तितीवच्या अंगणात माणसे जमली, फटाके वाजले, कोणीतरी व्हायोलिन वाजवले. आमच्या घराचे दार लवकर बंद झाले. दुसऱ्या दिवशी बाबा वेळेवर शाळेत गेले.

त्या साली चवथीला आईने कोणालाही न विचारता नेवऱ्यांचे ताट माझ्या हाती देऊन गडग्यापलीकडे पाठवले. ते साखरेसह परत आले. बोलणे हळूहळू सुरू झाले, बायकांचे आधी. पुरुष एकमेकांना वाटेत भेटले तर मान हलवीत. आणि ऑक्टोबरात, नाताळला दोन महिने असताना, शामाय वारली.

बाबा अंत्ययात्रेला चर्चपर्यंत गेले आणि दफन होईपर्यंत बाहेर उभे राहिले. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दहा महिने पोटात ठेवलेला तो निरोप त्यांना सांगितला. का सांगितला नव्हता, हेही सांगितले. मला वाटले होते ते रागावतील. त्यांनी कंदिलाची वात थोडी कमी केली आणि म्हणाले, "झोप आता."

आज हे मी बेळगावात बसून लिहिते आहे. लग्न होऊन या गावी आल्याला माझी चार तपे उलटून गेली. डिसेंबरात कॅम्पातल्या बेकऱ्यांवरून जाताना केकचा वास येतो, तो चांगला असतो, पण दोदोलाच्या काळ्या गुळाचा वास त्यात नसतो. नातवंडांना मी कुलकुले करायला शिकवली आहेत. प्लास्टिकच्या फणीवर वळणे नीट उमटत नाहीत, अशी माझी तक्रार असते आणि ती त्यांना कळत नाही. बाबांमागे त्यांचा ग्रंथसंग्रह एका वाचनालयाला दिला, हे एक पुस्तक तेवढे मी ठेवून घेतले. येशूजन्माच्या पानावर मेणाचे तीन डाग आहेत. कागद तिथे पारदर्शक झाला असून मागच्या पानावरची अक्षरे त्यातून दिसतात. त्याच पानांत फणसाची दोन पाने ठेवलेली सापडली. एकाच्या शिरा तेवढ्या उरल्या आहेत, दुसरे अजून पान म्हणता येईल असे आहे. ती तिथे आईने ठेवली की बाबांनी, मला माहीत नाही.

१९६७च्या नाताळला तितीवच्या घरावर चांदणी लागली नाही. ज्या घरात माणूस गेले तिथे वर्षभर गोडधोड करीत नाहीत. शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचे, असा रिवाज. गोठाही मांडायचा नव्हता, म्हणून नाचणीची पुडी गेली नव्हती. चोविसाच्या दिवशी आईने चवथीसारखा घाट घातला, नेवऱ्या तळल्या आणि ताट भरले. रात्री तेर्स संपल्याची चाहूल लागताच बाबा उठले. धोतर बदलले, कपाटातून ग्रंथ काढला. मी कंदील घेतला, आईने ताट. गडग्याच्या वाटेत बाबा क्षणभर थबकले, कारण वर्षभरात तिथे गवत माजले होते.

तितीव एकटाच सोप्यावर बसला होता. आम्हाला पाहून उठला. आई आत गेली. बाबा समोरच्या सोप्यावर बसले आणि ग्रंथ त्यांनी शेजारी ठेवला. मला वाटले, आता वाचतील. मी कंदील पुस्तकाजवळ सरकवला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तितीवने विचारले, यंदा तुमच्या माडांना फळ कसे आहे? बाबांनी सांगितले. मग नारळ पाडायला येणारा माणूस किती महाग झाला यावर बोलणे झाले. मग छपराची कौले. तितीवच्या स्वयंपाकघरावरची कौले गेल्या पावसात सरकली होती, आणि शिरगावचा की थिवीचा कोणी सुतार चांगला, यावर दोघांचे मतभेद झाले. आवाज थोडे चढलेही. मी सोप्यावरच पेंगले. मीसची घंटा झाली तेव्हा जाग आली. घरातली माणसे काळे कपडे घालून बाहेर पडत होती. तितीवने सोप्यावरचा ग्रंथ उचलला. त्यावर दहिवर साचले होते. कोटाच्या बाहीने त्याने ते पुसले आणि ग्रंथ बाबांच्या हातात दिला.

घरी आल्यावर आईने विचारले, "वाचलंत?"

"नाही," बाबा म्हणाले. "कौलांचं बोलत होतो."

तिसऱ्या दिवशी ताट परत आले. रुमाल धुतलेला होता, आणि त्याखाली वाटीभर साखर होती. दुःखातल्या घरातून साखर कशी आली, म्हणून आजीने नवल केले. आईने ती डब्यात ओतली.